गुगलवर नेमकं हवं तेच कसं शोधावं

नुसतं ‘सोयाबीन भाव’ टाकलं की कुठल्या तरी बाजाराचा, कुठल्या तरी महिन्याचा भाव समोर येतो. त्याऐवजी ‘लातूर बाजार समिती सोयाबीन आवक दर’ असं टाकून बघा. आवक, दर हे शब्द बाजार समितीच्या तक्त्यातच छापलेले असतात. आपण बोलतो कसं यापेक्षा त्या पानावर काय लिहिलेलं असेल, याचा आधी अंदाज घ्यायचा. जुना भाव नको असेल तर निकालांच्या वरच्या पट्टीत ‘टूल्स’ असतं, तिथून गेला आठवडा निवडा.

आपल्याकडे खरा घोळ नावांचा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली, पण जुने शासन निर्णय, निकाल, बातम्या औरंगाबाद, उस्मानाबाद याच नावांनी पडून आहेत. म्हणून दोन्ही नावांनी शोधा. त्याही मागे जायचं तर जिल्हाच बदलतो. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादमध्ये होतं, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादमध्ये आणि हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. पणजोबांच्या जमिनीचा माग काढणाऱ्यांनी एवढं तरी पाठ करावं.

शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने हवे असतील तर अवतरणचिन्हांत टाका, उदाहरणार्थ सोयाबीनवरच्या रोगाचं नाव: "पिवळा मोझॅक". नको असलेला शब्द काढायला त्याच्या आधी उणे चिन्ह द्या, मध्ये जागा न सोडता. मोसंबीची फळगळ शोधताना ज्यूस आडवा येत असेल तर ‘मोसंबी -ज्यूस’.

फक्त सरकारी पानं हवीत? मग शोधशब्दांनंतर इंग्रजी अक्षरांत ‘साइट’ लिहून लगेच कोलन द्या आणि पुढे, जागा न सोडता, ‘जीओव्ही डॉट इन’, म्हणजे site:gov.in. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती यांसाठी मी तरी हेच वापरतो, कारण सरकारीसारखी दिसणारी खासगी पानं भरमसाट आहेत. सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असलं तर ती पैसे भरून दिलेली जाहिरात असते. ती ओलांडून खाली जा.

बँकेचा कस्टमर केअर नंबर मात्र असा शोधूच नका. भामटे स्वतःचेच नंबर पसरवून ठेवतात. तो एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर छापलेला असतो, तिथूनच लावा.