कुत्र्याला घेऊन कोकणात जायचंय? मग आधी कालनिर्णय काढा

आमचा बोक्या म्हणजे ३२ किलोचा लॅब्रॅडॉर. नाव बोक्या का ते विचारू नका, लहानपणी तो मांजरासारखा फ्रिजवर बघत बसायचा एवढंच. तर या नावामुळे आमची पहिली कोकण ट्रिप जवळजवळ बोंबललीच होती. दिवेआगरला एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोन केला, सगळं ठरलं, शेवटी मी म्हटलं "काकू, आमचा बोक्या पण येणारे बरं का, चालेल ना?" काकू म्हणाल्या "चालेल की, त्यात काय." संध्याकाळी पोचलो, गाडीचं दार उघडलं आणि बोक्या उडी मारून थेट अंगणात, काकू तुळशीमागे आणि त्यांची खरीखुरी मांजर पोफळीवर. "अहो, मला वाटलं मांजर आहे!" मग काय, अर्धा तास मिनतवाऱ्या, शेवटी काकांनी मागची खोली दिली.

म्हणून पहिला धडा, फोनवर कुत्रा हा शब्द स्पष्ट उच्चारायचा, वजन सांगायचं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा, फोटोत शेजारी माणूस उभा असेल तर उत्तम म्हणजे साइज कळते. आणि तुम्हीही विचारायचं की घरी मांजर, कोंबड्या, गाय, स्वतःचा कुत्रा काय काय आहे, वाडीला गडगा म्हणजे दगडी कुंपण आहे का की सगळं मोकळं, खोली तळमजल्यावर आहे का. "पेट फ्रेंडली" लिहिलेलं असलं तरी विचारा, कारण कुठे कुठे त्याचा अर्थ "कुत्रा बाहेर बांधून ठेवा" असा असतो, आणि तसं असेल तर सरळ दुसरं ठिकाण बघा. कोकणात बिबट्या वाडीपर्यंत येतो आणि बांधलेला कुत्रा त्याला आयता मिळतो. रात्री कुत्रा खोलीतच, दार लावून. हे नॉन निगोशिएबल.

आता कालनिर्णय. लोक काय करतात, शनिवार-रविवार बघतात, रूम बघतात आणि निघतात, तिथे सकाळी ७ ला कुत्र्याला घेऊन किनाऱ्यावर जातात तर पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं, पळायला जागाच नाही. आणि ओहोटी मिळते ती दुपारी १ ला, जेव्हा वाळूवर पाय ठेवता येत नाही. कुत्र्याची ट्रिप म्हणजे सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास, बाकी दिवसभर तो झोपणारे. त्या चार तासांत ओहोटी पाहिजे, कारण ओली घट्ट वाळू गार असते आणि पळायला एक नंबर.

त्याचा हिशोब जुनी माणसं तोंडी करतात. तिथीची पाऊणपट. म्हणजे तिथीला ३ ने गुणायचं, ४ ने भागायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीची दोन्ही. चतुर्थी असेल तर ३ वाजता भरती, त्यानंतर किंवा आधी साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी ९ च्या आसपास. एकादशीला गेलात तर सव्वाआठला भरती, सकाळ वाया. माझ्या मते कुत्र्यासाठी बेस्ट दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. सकाळी ७ ते साडेआठच्या मध्ये पूर्ण ओहोटी, दुपारी भरती येऊन जाते तेव्हा तुम्ही जेवून आडवे झालेले असता, आणि ५ वाजता परत पाणी मागे सरकायला लागलेलं. शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबपर्यंत आत जातं, मैदानच्या मैदान मोकळं. हा हिशोब मुंबई-रायगडकडे बऱ्यापैकी जुळतो, खाली मालवण-वेंगुर्ल्याला भरती थोडी आधी येते. नक्की आकड्यांसाठी मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल बघा, पण तारखा ठरवताना पाऊणपट पुरते.

उधाणाचा तोटा पण आहे, पाणी ओढतं जोरात. कुत्रा पोहता येतंय म्हणून आत जातो आणि बॉलच्या मागे अजून आत जातो. म्हणून समुद्रात बॉल टाकायचा नाही, किनाऱ्याला समांतर टाकायचा. बोक्याला मी हार्नेस घालतो आणि त्याला १० मीटरची साधी दोरी, हार्डवेअरच्या दुकानातली. ती आपोआप गुंडाळणारी महागडी लीश घेऊन गेलो होतो, पहिल्याच दिवशी वाळू जाऊन जाम झाली.

महिना कुठला, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दमट उकाडा सुरू होतो आणि लॅब, हस्की, पग असल्या मंडळींचे हाल होतात. पावसाळ्यात समुद्राकडे कुत्रा नेऊच नका, १ जून ते ३१ जुलै मासेमारीसुद्धा बंद असते, कोळी लोक होड्या वर ओढून ठेवतात ते काही उगाच नाही. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर आंब्याच्या वाडीत कुत्र्यावर डोळा ठेवा, खाली पडलेला आंबा तो आवडीने खातो आणि बाठा गिळतो, तो आतड्यात अडकला की ऑपरेशन. काजूची ओली बी पण तोंडात जाऊ देऊ नका, तिच्या सालीतलं तेल तोंड भाजतं.

जागा निवडताना नावाजलेला बीच टाळा असं मी म्हणेन. अलिबाग, काशीद, गणपतीपुळे इथे शनिवारी घोडागाड्या, गाड्या, पॅरासेलिंग, भेळवाले, त्यात कुत्रा बावचळतो. दिवेआगर लांबलचक आहे, गर्दीपासून दहा मिनिटं चाललं की शांत. गुहागरचा किनारा तसाच, गावाला लागून आणि सरळ लांब. दापोलीकडे कर्दे, लाडघर, केळशी. खाली भोगवे किंवा वेंगुर्ल्याच्या बाजूला जायला जीव ओढतो पण पुण्यामुंबईहून एका दिवसात कुत्र्याला तेवढं बसवणं मला पटत नाही. एकच गाव, तीन रात्री, बस. रोज नवीन ठिकाणी मुक्काम केला तर कुत्रा प्रत्येक रात्री नव्या खोलीत भुंकणार आणि तुम्ही जागे. किल्ले, मंदिरं असतील तर घरच्यांनी आळीपाळीने जायचं, एकजण कुत्र्यापाशी. जंजिऱ्याच्या शिडाच्या होडीत कुत्रा घेऊन चढायचा विचार डोक्यातून काढा, माणसंच धडपडतात तिथे.

प्रवास. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर १६०-१७० किमी पडतं, पण ताम्हिणीची वळणं कुत्र्याच्या पोटाला झेपत नाहीत. निघायच्या आधी तीन-चार तास खायला काही नाही, पाणी थोडं थोडं. उलटीची गोळी आपल्या व्हेटकडूनच घ्यायची, स्वतःची गोळी अर्धी करून देऊ नका. घाटात थांबाल तेव्हा दार उघडायच्या आधी दोरी हातात, कारण माकडं असतात आणि माकड दिसलं की आपला शिकलेला, सवरलेला, बिस्किट वेट करून खाणारा कुत्रा कुणाचाही नसतो. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो आहे. पुढे पण खाड्यांवर जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. जेटीत गाडी चढताना लोखंडी फळीचा मोठा आवाज होतो, भित्रा कुत्रा असेल तर आधीच मागे कुणीतरी धरून बसा. बोक्या पहिल्यांदा माझ्या मांडीवर आला होता, पुढच्या सीटवर, ३२ किलो.

ट्रेनने जाणार असाल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत बसवता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मी माझा कुत्रा ठेवणार नाही, पुढे तुमचं तुम्ही बघा.

सामान. लसीकरणाचं पुस्तक, रेबीजचा डोस चालू असलेला, लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिसचा). गोचीडाचं औषध किंवा गोळी निघायच्या दोन-तीन दिवस आधी. नेहमीचं खाणं मोजून प्लस एक दिवसाचं जास्त. जुन्या चादरी दोन, एक गाडीत एक खोलीत, यजमानांच्या गादीवर कुत्रा झोपला तर पुढच्या कुत्र्याचा रस्ता बंद होतो हे लक्षात ठेवा. जुने टॉवेल, शी उचलायच्या पिशव्या भरपूर, चिमटा, बेटाडिन, ओआरएस, जुलाबाचं औषध व्हेटला विचारून. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथे गाई-म्हशींची सवय जास्त, त्यामुळे आपल्या व्हेटचा नंबर आणि जवळच्या शहरातल्या एका व्हेटचा नंबर दोन्ही फोनमध्ये पाहिजेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खारं पाणी. पहिल्या ट्रिपला मी गाफील राहिलो. बोक्याने लाट चाटली, मग दुसरी, मग बॉल तोंडात धरून पोहताना अजून किती गेलं देव जाणे. रात्री २ ला उलटी, मग जुलाब, आणि परतीच्या ताम्हिणीत काय झालं ते मी लिहीत नाही. थोडं पाणी गेलं तर जुलाबावर भागतं पण जास्त गेलं तर अंगातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात, म्हणजे प्रकरण गंभीर. त्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी पाण्याबाहेर बोलवायचं, गोडं पाणी वाटीत समोर धरायचं, बॉल ऐवजी चपटी दोरीची खेळणी वापरायची म्हणजे तोंड कमी उघडं राहतं. सारखा चाटतोय असं दिसलं की खेळ बंद, सावलीत.

वाळूचा अंदाज तळव्याने नाही, हाताच्या मागच्या बाजूने घ्या, पाच-सात सेकंद ठेवता नाही आला तर कुत्र्याचे पाय भाजणार. ९ नंतर खोलीत, ते थेट ५ ला. धापा जोरात, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चालताना तोल जातोय असं झालं तर ताबडतोब सावली, पोटावर आणि पायांवर साधं पाणी, बर्फ नको, आणि गाडीचा एसी लावून व्हेटकडे.

किनाऱ्यावर पडलेलं काहीही खाऊ द्यायचं नाही. मेलेला फुगीर मासा दिसतो ना, केंड म्हणतात त्याला, तो विषारी. जेलीफिश वाळूत मेलेली असली तरी चावते. गळ, जाळ्याचे तुकडे, त्यात वाळत घातलेली मासळी, बोक्या एकदा कुजक्या माशावर असा काही लोळला की काकूंनी त्याला डोणीपाशी, म्हणजे पाण्याच्या हौदापाशी नेऊन चार बादल्या ओतल्या, तरी वास गेला नाही. आंघोळ घालायची तर यजमानांना विचारून, शॅम्पूचं पाणी वाडीच्या पाटात जाऊ न देता. आणि एक, होडीवर पाय वर करू देऊ नका. कोळी माणूस नारळी पौर्णिमेला त्या होडीची पूजा करतो, तुमचा कुत्रा तिच्यावर धार सोडतोय हे बघून तो काय बोलेल ते मालवणीत असो की आगरीत, कळेल तुम्हाला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर लांबून बघा.

नोव्हेंबरपासून पुढे काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात, वेळास, आंजर्ले, केळशी या बाजूला जास्त. कुत्रा वास काढून घरटं उकरतो. म्हणून अंधार पडल्यावर कुत्र्याला किनाऱ्यावर न्यायचंच नाही, आणि वेळासला पिल्लं समुद्रात सोडताना बघायला जाणार असाल तर त्या ट्रिपला कुत्रा घरी.

खायला यजमानांच्या पानातलं काही नाही. सुरमईचे काटे, कुर्ल्यांची कवचं, सोलकढीतला लसूण, सगळंच नको. काकूंना सांगून साधा भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन करून घेतलं की काम होतं, पैसे वेगळे द्या, मागत नाहीत पण द्या. ओलं खोबरं एखादा तुकडा ठीक, जास्त झालं की पोट सैल.

रात्री फिरवायला बाहेर काढाल तर टॉर्च हवाच. कोकणात फुरसं हा विषारी साप असतो, छोटासा, पाचोळ्यात आणि जांभ्याच्या दगडात दिसतच नाही. गडग्याच्या कडेने हुंगत जाऊ देऊ नका, मधल्या रस्त्यानेच.

परत आल्यावर गोचीड शोधायला बसा, कानाच्या आत, पायाच्या बोटांमध्ये, शेपटीखाली. आम्हाला मागच्या वेळी सात सापडले, गोळी देऊन सुद्धा. पुढचे दोन-तीन आठवडे खाणं सोडलं, मलूल पडला, ताप वाटला किंवा हिरड्या फिक्या दिसल्या तर वाट बघत बसू नका, व्हेटला सांगा कोकणात जाऊन आलोय आणि टिक फिव्हरची, म्हणजे गोचीडामुळे होणाऱ्या तापाची ब्लड टेस्ट करून घ्या.