पॅच पाठवण्याआधी

लिनक्स कर्नलसाठी (सिस्टिमच्या गाभ्यासाठी) वीज वाचवणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तयार आहे ना? मग तो बाजूला ठेव आणि आधी आकडे गोळा कर. सीपीयूफ्रीक (प्रोसेसरचा वेग सांभाळणारा भाग) किंवा सीपीयूआयडल (रिकाम्या प्रोसेसरला झोपवणारा भाग) यांच्या पॅचमध्ये नुसतं ‘वीज वाचते’ लिहिलं, तर राफाएल विसोत्स्की किंवा विरेश कुमार यांच्यासारखे लिनक्सचे मेंटेनर (पॅच तपासून स्वीकारणारे) ते कशाच्या जोरावर घेणार? टर्बोस्टॅट हे मोजमापाचं टूल लावून पॅकेजचे (अख्ख्या चिपचे) वॉट आणि खोल सी-स्टेटमध्ये (प्रोसेसरच्या गाढ झोपेत) गेलेला वेळ नोंदव. पॅचआधी ५ वेळा, पॅचनंतर ५ वेळा. ब्राउझर बंद, गव्हर्नर (वेग ठरवण्याचं धोरण) तोच. आणि खोलीही तीच! आधीचं माप ऐरोलीच्या ऑफिसात एसीखाली आणि नंतरचं भर मे महिन्यात ठाण्याला घरी पंख्याखाली घेऊन मी एकदा दोन दिवस पॅचमध्येच चूक शोधत बसलो होतो. चिप तापली की करंटची गळती वाढते, त्यात थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) फ्रिक्वेन्सी खाली ओढतं. आता मी रात्री अकरानंतरच मोजतो आणि पहिली १० मिनिटं सोडून देतो. वीज वाचली पण काम रेंगाळलं, तर तो सौदा तोट्याचा. म्हणून कर्नल बिल्डला लागलेला वेळही शेजारी लिही.

सस्पेंडच्या (लॅपटॉप झोपवण्याच्या) कोडला हात लावला असशील तर आरटीसीवेक (ठरल्या वेळी उठवणारी कमांड) लावून ३० सेकंदांची झोप, ५० वेळा. लॅपटॉप एकदा उठला म्हणजे दरवेळी उठेलच असं नाही.

पॅच ज्यावर रचायचा तो बेस डिस्ट्रोच्या (उबंटूसारख्या तयार लिनक्सच्या) कर्नलचा नको, पॉवर मॅनेजमेंट ट्रीची (मेंटेनरच्या कोडसाठ्याची) लिनक्स-नेक्स्ट शाखा घे. पॉवर मॅनेजमेंटचा कॉन्फिग (बिल्डचा पर्याय) बंद ठेवूनही बिल्ड करून बघ. नवख्यांचं घोडं हमखास इथेच अडतं. कोडची शैली तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालव. मर्ज विंडोच्या (मुख्य कर्नलमध्ये नवे बदल घेण्याच्या काळाच्या) दोन आठवड्यांत नवं फीचर पाठवू नकोस, आरसी-१ (त्यानंतरची पहिली चाचणी आवृत्ती) येऊ दे.

पॅचखाली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ लिहिणं ही २००४ पासूनची शिस्त आहे: हा कोड देण्याचा मला हक्क आहे, याची ती सही. तेव्हा ऑफिसची परवानगी लेखी घे. टपरीवर चहा पिताना मॅनेजरने मान डोलावली, ती परवानगी नव्हे.

पॅच आधी स्वतःलाच मेल कर आणि कोऱ्या ट्रीवर गिट एएमने (मेलमधला पॅच लावणाऱ्या कमांडने) लावून बघ. माझ्या एका जुन्या ऑफिसच्या मेल सर्व्हरने टॅबच्या स्पेस केल्या, वर खाली गोपनीयतेची सूचनाही चिकटवली. पॅच लागेचना. उत्तरासाठी आठवडाभर तरी थांब. व्ही-२ (पॅचची सुधारित आवृत्ती) मध्ये काय बदललं ते तीन डॅशांच्या खाली लिही; ते गिटच्या इतिहासात जात नाही.