गोधडी जोडताना सुईला गोंद चिकटू नये म्हणून

गोधडीचे तीन थर जोडण्यासाठी फवाऱ्याचा तात्पुरता गोंद वापरला, की शिवताना तो हळूहळू सुईवर साचतो. मग टाके सुटतात, दोऱ्याचे तंतू निघतात आणि अखेरीस दोरा तुटतो. दोष बहुधा यंत्राचा नसून गोंदाच्या प्रमाणाचा असतो. डबा सुमारे 25 ते 30 सेंटिमीटर अंतरावर धरून, खिडक्या उघड्या ठेवून, कापडावर नव्हे तर मधल्या भरणाच्या थरावर विरळ फवारा मारावा, आणि थर पसरून झाल्यावर गोंद पूर्ण वाळेपर्यंत शिलाईला हात लावू नये. घाई नडते ती येथेच. वेगाने शिवताना घर्षणामुळे सुई तापते व मऊ झालेला गोंद तिला धरतो, म्हणून वेग मध्यम ठेवावा. न चिकटणारा लेप असलेली, शक्यतो 90/14 क्रमांकाची सुई घ्यावी. तरीही गोंद साचलाच, तर यंत्र बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने सुई पुसावी आणि ती कोरडी झाल्यावरच पुढे शिवावे. सुईला तेल लावण्याचा सल्लाही काही जण देतात, पण कापडावर डाग पडण्याची भीती असल्याने तो मला पटत नाही.