गाडी कधीकधीच तापते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

रोज तापणारी गाडी परवडली. गॅरेजमध्ये उभी केली की मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत तापमानाचा काटा वर जातो आणि कारण हाती लागतं. डोकं खाते ती कधीतरीच तापणारी गाडी. रविवारी खंबाटकी चढताना काटा लाल खुणेला टेकतो, वर पोचून जरा थांबलं की निमूट खाली येतो, आणि सोमवारी गॅरेजमध्ये अर्धा तास चालू ठेवली तरी ढिम्म. मग अंदाजपंचे सुरू होतं. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रॅडिएटरकडची वाट उघडणारी झडप), मग वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), मग रॅडिएटर, आणि हे सगळं करून भागलं नाही की "हेड उतरवून बघू". जुन्या मारुती ८००, झेन, इंडिका, बोलेरोवाल्यांना ही साखळी पाठ असेल.

"कधी तापते?" हे न सांगता गाडी गॅरेजला सोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "गाडी हीट होते" एवढंच सांगितलं तर मेकॅनिक बिचारा पार्ट बदलण्यापलीकडे काय करणार? ती कधी तापते यातच निम्मं उत्तर असतं.

ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा उतरतो? तर हवा कमी पडते आहे. पंखा, त्याची मोटर, रिले, फ्यूज, थर्मो स्विच (पाणी तापलं की पंखा सुरू करणारा) इकडे बघा. शहरात ठीक, पण घाटात किंवा हायवेला लांब पल्ल्यावर तापते? मग पाण्याचा प्रवाह कमी पडतोय: रॅडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्यात, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, पंपाची पाती गंजून झिजली आहेत, नाहीतर पट्टा घसरतोय. फक्त एसी लावल्यावर तापत असेल, तर एसीचा कंडेन्सर आणि रॅडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून बघा. तिथे वर्षानुवर्षांची माती, किडे आणि वाळका पाला यांचा थर साचलेला असतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छच दिसते.

घाटातल्या तक्रारीत खालच्या होस पाईपकडे सहसा कुणी बघत नाही. पंप याच पाईपातून पाणी ओढतो. जुना पाईप मऊ पडला, किंवा त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली, की जास्त आरपीएमला तो चपटा होतो आणि पाणी अडतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून कुणालातरी रेस द्यायला सांगा आणि पाईप लांबून बघा. आयडलिंगला तो धडधाकट दिसतो, म्हणून तर सापडत नाही.

घाटातच तापणाऱ्या गाडीचा क्लच घसरतोय का, चाकाला ब्रेक धरून राहतोय का, हेही एकदा बघून घ्या. तिथे दोष कूलिंगचा नसतोच.

काट्यावर डोळे मिटून विश्वास

इंजिनातलं पाणी सेकंदात वीस-तीस अंश तापत नाही आणि तेवढ्या झटकन गारही होत नाही. काटा टाणकन वर उडून परत जागेवर येत असेल, किंवा हेडलाइट लावल्यावर सरकत असेल, तर आधी सेन्सरची वायर, तिचा कनेक्टर आणि इंजिनाची अर्थिंग तपासा. जुन्या गाड्यांत अर्थची पट्टी गंजलेली असणं अगदी नेहमीचं.

उलटा प्रकार जास्त घातक. काटा वर चढता चढता एकदम खाली पडला आणि हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर सुटलो म्हणू नका. पाणी इतकं कमी झालंय की सेन्सरला वाफच लागते आहे. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"आपल्याकडे थंडी कुठे असते? काढूनच टाका." हा सल्ला महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजमध्ये मिळतो. थर्मोस्टॅट काढल्यावर शहरात काटा खाली राहतो, म्हणून गिऱ्हाईक खूश. इंजिन मात्र नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला आणखी एक चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती बायपासची वाट बंद करते आणि सगळं पाणी रॅडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा राहतो, काही गरम पाणी रॅडिएटरला न जाता पुन्हा इंजिनात फिरतं, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

तपासणं घरच्या घरी होतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्यभागी लटकत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत तापमापक. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, साधारण तेवढ्या अंशांना तो उघडायला लागला पाहिजे आणि त्यापुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण. मग गार होऊ द्या आणि पुन्हा तापवा, असं चार-पाचदा करा. कधीतरी अडकणारा थर्मोस्टॅट पहिल्या खेपेला साळसूदपणे उघडतो, तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिरका होऊन अर्ध्यात थांबतो. एकदाच बघून "चांगला आहे" म्हणत परत बसवला की त्याच्यावरचा संशय कायमचा फिटतो, आणि तुम्ही भलत्या जागी शोधत राहता. (पातेलं परत स्वयंपाकात वापरू नका, हे सांगायला नको.)

पंखा डायरेक्ट करून घेणं

स्विच किंवा रिले शोधायचा कंटाळा, म्हणून पंखा इग्निशनला जोडून टाकतात. घरी पोचायला उपाय म्हणून ठीक. कायमचा केला तर मोटर लवकर जाते, जाड वायर आणि रिले न वापरता जोडला असेल तर वायरिंग वितळतं. गावाबाहेर मोटर मेली तर काटा चढेपर्यंत तुम्हाला पत्ताही लागत नाही.

कधी फिरणारा, कधी न फिरणारा पंखा असेल तर मोटरचे कार्बन (ब्रश) बघा. पंखा फिरायला हवा त्या वेळी थांबलेला असेल, तर मोटरच्या मागे लाकडी दांडीने हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरू लागला तर कार्बन झिजलेत. हात मात्र पात्यांपासून लांब, कारण इंजिन बंद असतानाही इलेक्ट्रिक पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. मोटर भरून आणली असेल तर वायरी उलट्या जोडून पंखा उलटा फिरत नाहीये ना, तेही बघा. पंखा रॅडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असेल तर समोरून धरलेला कागद जाळीला चिकटला पाहिजे, उडून जाता कामा नये.

व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की पंख्याला घट्ट धरणारा जोड) असलेल्या डिझेल गाड्यांत इंजिन चांगलं तापल्यावर बंद करून पंखा हाताने फिरवा. जड लागायला हवा. भिंगरीसारखा गरगरला तर क्लच गेला.

नुसती बाटली बघून "पाणी आहे" म्हणणं

कुलंटची बाटली भरलेली आणि रॅडिएटर अर्धा रिकामा, असं सर्रास असतं. गाडी गार झाल्यावर रॅडिएटर बाटलीतलं पाणी परत ओढून घेतो, ते त्याच्या झाकणातल्या छोट्या व्हॉल्व्हमुळे. तो चिकटला किंवा बाटलीची नळी चिरली की पाण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडून काठापर्यंत पाणी आहे का ते बघा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, फडकं घेऊनही नाही.

हे झाकण स्वस्त आहे म्हणून दुर्लक्षित राहतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं तेव्हा साधं पाणीही ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की तो दाब जातो आणि पाणी शंभरच्या आसपास उकळू लागतं, महाबळेश्वरच्या उंचीवर तर त्याच्याही आधी. गाडीच्या मापाचंच झाकण घ्या.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम पाणी देणारे दोन पाईप आणि त्यांचे टी-जोड आधी तपासा. गळतीही तिथेच होते आणि हवाही तिथेच अडकते. हवा काढताना गाडीचं तोंड चढाकडे, हीटर फुल गरमवर.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याबद्दल फार बोलायला नको. कुलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात. गळती थांबवायला हळद टाकण्याचा रस्त्यावरचा तोडगा केला असेल, तर गावी पोचल्यावर रॅडिएटर धुऊन घ्या, कारण गाळ हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतो.

हेड गॅस्केटवर घाईने शिक्का, किंवा फार उशिरा

पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली पांढरट साय दिसते. ती बऱ्याचदा नुसती हवेतली ओल असते, तेवढ्यावरून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेली म्हणून हेड उतरवू नका. उलट सुरुवातीच्या गळतीत ऑइल स्वच्छच असतं. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होस पाईप दगडासारखा कडक झाला, किंवा रात्रभर उभी राहूनही सकाळी झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तर संशय घ्या. मग गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्टर लावायला सांगा. रॅडिएटरच्या तोंडावर धरलेलं निळं द्रव पिवळं (डिझेल गाडीत हिरवट) पडलं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. चाचणीसाठी झाकण गार असतानाच काढा, मग गाडी चांगली तापवून, रेस देऊन करा, कारण थोडी फटलेली गॅस्केट ताण आल्यावरच गळते.

हेड उतरवलंच तर ते सपाट आहे का हे पट्टी लावून मोजल्याशिवाय नवी गॅस्केट बसवू देऊ नका. आणि मूळ कारण, मग तो बुजलेला रॅडिएटर असो की न फिरणारा पंखा, त्याच वेळी काढून घ्या. नाहीतर पुढच्या घाटात नवी गॅस्केटही जाईल.