तेर ते नेपल्स: परदेशी संग्रहालयासोबत डिजिटल शैक्षणिक उपक्रम कसा आखावा

परदेशी संग्रहालयाशी शैक्षणिक सहकार्य करायचे ठरले की चर्चेला बहुधा तंत्रज्ञानापासून सुरुवात होते. त्रिमितीय प्रतिमा, आभासी सहल किंवा मोबाइलवरील खेळ आधी ठरतो आणि त्यात बसेल अशी वस्तू नंतर शोधली जाते. हा क्रम उलटा करावा. ज्या वस्तूचा अभ्यास समोरच्या संग्रहालयाच्या मदतीशिवाय अपुरा राहतो, अशी एखादी वस्तू आपल्या संग्रहातून प्रथम निवडावी.

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात एक प्राचीन हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली भारतीय हस्तिदंती प्रतिमा 1938 मध्ये इटलीतील पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात सापडली आणि ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तशीच एक प्रतिमा जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही मिळाली आहे. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये वेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ही प्रतिमा त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती, हे अनुमान सातवीतील मुलेही स्वतः काढू शकतात. पण ती नेमकी कोठे घडवली गेली, या प्रश्नाचे ठाम उत्तर विद्वानांकडेही नाही. शिक्षणाच्या दृष्टीने असा मोकळा प्रश्न फार मोलाचा असतो. ही जोडी येथे केवळ आखणी समजावण्यासाठी घेतली आहे.

प्रस्ताव एका पानात मावेल इतका ठेवावा आणि त्यात वस्तू, प्रश्न, मुलांचा वयोगट व दोन्ही बाजूंनी काम करणारी माणसे एवढेच लिहावे. तो समोरच्या संचालकांना औपचारिकरीत्या पाठवावाच, परंतु तेथील शिक्षण विभागाशीही थेट बोलावे, कारण पुढचे सगळे काम त्याच विभागाला करायचे असते. ओळख नसल्यास 1946 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची शिक्षणविषयक समिती, म्हणजे 'सेका', हा चांगला मार्ग आहे.

कराराच्या मसुद्यात कौशल्यांचे कलम सर्वाधिक काळजीने लिहावे. अनेक मसुद्यांत 'ज्ञानाची देवाणघेवाण होईल' असे एक वाक्य असते, आणि त्याचा अर्थ बहुधा समारोपाची एक कार्यशाळा आणि तिचे छायाचित्र इतकाच निघतो. त्याऐवजी कोणत्या महिन्याअखेर आपली कोणती व्यक्ती कोणते काम कोणाच्याही मदतीशिवाय करू शकेल, हे स्पष्ट नमूद करावे. ग्रीस, इटली आणि पोर्तुगालमधील संस्थांनी 2016 ते 2020 या काळात राबवलेल्या 'म्यूसा' प्रकल्पाने संग्रहालयांसाठी चार नव्या भूमिका मांडल्या: डिजिटल धोरण पाहणारा, डिजिटल संग्रह सांभाळणारा, संवादी अनुभव घडवणारा आणि ऑनलाइन समुदायाशी संबंध राखणारा. आपल्याकडील लहान संग्रहालयात या चारही टोप्या एकाच अभिरक्षकाच्या डोक्यावर असतात. तरीही यादी समोर ठेवून कोणती बाजू लंगडी आहे हे तपासता येते.

प्रत्येक भूमिकेसाठी दोन्ही संग्रहालयांतील एकेक व्यक्ती जोडीने नेमावी. पहिल्या वस्तूचे काम अनुभवी बाजूने करावे आणि दुसऱ्यांनी पाहावे, दुसऱ्या वस्तूचे काम मिळून करावे, आणि तिसरे शिकणाऱ्यांनी एकट्याने करावे. शासकीय संग्रहालयात बदल्या होतात, म्हणून प्रत्येक कामासाठी दुसरा माणूसही तयार ठेवावा. परदेशातील प्रशिक्षणासाठी ज्येष्ठतेनुसार नाव पाठवण्याची पद्धत येथे घातक ठरते. रोज मुलांसमोर उभी राहणारी व्यक्तीच पाठवावी.

छायाचित्रांपासून त्रिमितीय प्रतिमा तयार करण्याचे तंत्र शिकायला फारसे अवघड नाही. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत साधारण 60 ते 80 टक्के भाग समान यावा, प्रकाश पसरट असावा, कारण गुळगुळीत हस्तिदंतावरील चमक मोजमाप बिघडवते, आणि वस्तूशेजारी मोजपट्टी असावी. पडद्यावर सगळ्याच वस्तू सारख्याच आकाराच्या भासतात, त्यामुळे पॉम्पेईची प्रतिमा जेमतेम 25 सेंटिमीटरची आहे हे मुलांना मोजपट्टीशिवाय कळत नाही. छायाचित्रांपासून त्रिमितीय प्रतिमा घडवणारी 'मेशरूम' ही संगणकप्रणाली विनामूल्य आहे. दोन संग्रहालयांतील छायाचित्रे शेजारी ठेवून पाहण्यासाठी 'आयआयआयएफ' हे मानक वापरावे. त्यात प्रतिमा मूळ संग्रहालयाच्याच सर्व्हरवर राहते, तरी दुसऱ्याच्या वर्गात ती मोठी करून तपासता येते. आपल्या नोंदी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने विकसित केलेल्या 'जतन' प्रणालीत असतील, तर वस्तूचा तोच नोंदणी क्रमांक सर्वत्र कायम ठेवावा.

परवानग्यांना वेळ लागतो, म्हणून त्या पहिल्याच महिन्यात मागाव्यात. तेरच्या वस्तूसाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करावा लागेल. इटलीत 2004 च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार सरकारी संग्रहातील प्राचीन वस्तूंच्या प्रतिमांचा व्यापारी वापर करण्यासाठीही परवानगी व शुल्क लागते, मात्र अभ्यास आणि ना-नफा वापराला सवलत आहे. तेव्हा उपक्रमातील चित्रे पुढे वह्यांवर किंवा चहाच्या कपांवर छापून विकण्याचा विचार असल्यास तो आधीच सांगावा. आधुनिक कलाकृती निवडल्यास कालमर्यादेतील फरक लक्षात ठेवावा, कारण भारतात प्रताधिकार (कॉपीराइट) कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, तर युरोपीय संघात 70 वर्षे. मुलांची नावे किंवा छायाचित्रे गोळा होणार असतील, तर भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. इटलीत ऑनलाइन सेवांसाठी ही मर्यादा 14 वर्षांची आहे. दोहोंपैकी कडक नियम दोघांनीही पाळावा, हे सोपे. विश्वस्त संस्थेमार्फत चालणाऱ्या संग्रहालयाने परदेशी निधी स्वीकारण्यापूर्वी परदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी तपासावी. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

वेळापत्रक शाळांकडे पाहून आखावे. आपल्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, इटलीतील सप्टेंबरमध्ये. म्हणून सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आणि मग नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ दोघांनाही सोयीचा पडतो. हिवाळ्यात घड्याळात साडेचार तासांचे अंतर असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर वर्गाची वेळ पुन्हा कळवावी.

पाठ एकाच्या भाषेतून दुसऱ्याच्या भाषेत उतरवून घेऊ नये. दोघांनी मिळून मान्य केलेले तथ्यपत्रक सामायिक ठेवावे आणि त्यावरून प्रत्येक शिक्षकाने आपल्या मुलांसाठी स्वतंत्र पाठ लिहावा. या प्रतिमा विवस्त्र आहेत, हेही टाळण्यात अर्थ नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसमोर त्यांविषयी कसे बोलायचे, हे दोन्हीकडच्या शिक्षकांनी आधी ठरवावे. नाहीतर पहिल्या खसखशीतच तास संपतो.

मूल्यमापनासाठी संकेतस्थळाला किती भेटी झाल्या ही संख्या पुरेशी नाही. उपक्रमापूर्वी आणि नंतर मुलांना तोच एक प्रश्न लेखी विचारावा, उदाहरणार्थ 'ही प्रतिमा तेथे कशी पोहोचली असेल, आणि तुला असे का वाटते?', आणि उत्तरांत पुराव्याचा उल्लेख वाढला का, हे दोन्ही संग्रहालयांनी एकमेकांची नमुना उत्तरे वाचून ठरवावे. निधी संपल्यावर मूळ छायाचित्रे कोणाकडे राहतील, सर्व्हरचे वार्षिक शुल्क कोण भरेल आणि पासवर्ड कोणत्या पदाच्या ताब्यात असतील, हे कराराच्या परिशिष्टात व्यक्तीच्या नव्हे, तर पदाच्या नावाने लिहावे.