वही पोस्टात टाकण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की कविता-चित्रांची आमची फिरती वही टपालानं निघते. यात मुहूर्त नाही, हिशेब आहे. सहा जण, प्रत्येकाकडे पंधरा दिवस, टपालाचे आणि आळसाचे मिळून आणखी पाच. झाले १२० दिवस. कार्तिकात अमळनेरहून निघालेली वही चोपडा, शिरपूर, चाळीसगाव, भुसावळ, सुरत करून होळीच्या सुमारास घरी येते. उशीर झाला तर एप्रिल-मेच्या उन्हात सापडते. भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की ऑइल पेस्टलचं चित्र समोरच्या कवितेवर जाऊन बसतं, मग ना चित्र राहत ना कविता. तुम्हालाही अशी वही फिरवायची असेल, म्हणजे एकानं कविता लिहायची, दुसऱ्यानं तिला चित्रानं उत्तर द्यायचं, तिसऱ्यानं त्या चित्रावरून पुढे जायचं, तर आधी माणसं मोजा. सहाच्या वर नको. आम्ही एकदा आठ जणांची फेरी केली होती. वही परत आली तेव्हा आपण काय लिहिलं होतं हे पहिलं पान लिहिणारीला स्वतःलाच आठवेना.

वही घेताना वजनकाटा डोक्यात ठेवा. शाळेच्या वहीचा कागद पातळ, जलरंगाचा ब्रश लागला की ओल मागच्या पानापर्यंत. २०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारा ड्रॉइंग कागद घ्या, आकार ए-५. एका चौरस मीटरात असे ३२ कागद बसतात, म्हणजे एक कागद सव्वासहा ग्रॅमचा आणि ४० कागदांचे २५० ग्रॅम. पुठ्ठा, चिकटवलेल्या वस्तू आणि वेष्टण धरून सगळं ५०० ग्रॅमच्या आत बसवायचं, कारण त्यापुढे स्पीड पोस्टाचा दर वरच्या टप्प्यात जातो. बुक पोस्टानं स्वस्तात जाईल, असं कुणीतरी सुचवतंच. ती सोय हातानं लिहिलेल्या वहीसाठी नाही.

तयार वहीपेक्षा सुटे कागद नेऊन बाइंडरकडून दोऱ्यानं शिवून घेतलेली बरी. गमबाइंडिंग उन्हात सुटतं, स्पायरलची तार वाटेत चेपते आणि पानं उलटत नाहीत. शिवून आली की दर चौथं पान मुळाशी बोटभर पट्टी ठेवून ब्लेडनं कापून टाका. नव्या वहीला ब्लेड लावताना जीव खालीवर होतो, पण पुढे तिच्यात एसटीची तिकिटं, कापडाचे तुकडे, वाळलेली पानं चिकटणार आहेत, ती फुगणार आहे. त्यांची जागा आजच करून ठेवायची. पान ओढून मात्र फाडू नका. शिवणीपलीकडचं त्याचं जोडीदार पान ढिलं पडतं.

शाईबद्दल मी कडक आहे. पहिल्या वर्षी एकानं फाउंटन पेननं दीड पान कविता लिहिली, अक्षर असं की बघत राहावं. वही पुढच्या घरी पोचली ती अवकाळी पावसात भिजून. कवितेच्या जागी निळं तळं. तेव्हापासून नियम एकच: बॉलपेन, नाहीतर पाण्यानं न पसरणारी पिगमेंट शाई. कोळसा आणि मऊ पेन्सिल असेल तर फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पुसू न देणारा फवारा मारा. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिकच्या पानांवर बटर पेपर ठेवायचाच, वाळलेले दिसले तरी दाबाखाली आणि उकाड्यात ते एकमेकांना धरतात. चिकटवायला ग्लू स्टिक. फेव्हिकॉल ओला असतो, कागदाला लाटा येतात. सेलोटेप नकोच, वर्षभरात पिवळा पडतो.

घरातल्या रंगांना मात्र मनाई करू नका. आमच्या चोपड्याच्या मैत्रिणीचं माहेर केळीवाल्यांचं. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जन्मभर जात नाही, म्हणून बागेत जायचे कपडे वेगळे असतात. तिनं केळीच्या पानाचा देठ कापून त्या चिकातच काडी बुडवली आणि चार ओळी लिहिल्या. लिहिताना अक्षर दिसेना, नुसतं पाणी फिरवल्यासारखं. पान कोरंच गेलं म्हणून तिनं कोपऱ्यात पेननं माफीही मागितली होती. शिरपूरला वही उघडली तेव्हा ओळी तपकिरी होऊन बसल्या होत्या, आणि सुरतेला पोचेपर्यंत जवळजवळ काळ्या. माफी तशीच ठेवलीय.

भाषेचंही निघण्याआधी ठरवून टाका. आमच्यात धुळ्याकडची अहिराणी आहे, भुसावळकडची लेवा गणबोली आहे, आणि सुरतेच्या सूनबाई मूळच्या कोल्हापूरच्या. ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून अवघड शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्यानंच समासात द्यायचा. दुसऱ्याची बोली सुधारायला मात्र पेन उचलायचं नाही. यावरून एकदा दोघांत महिनाभर अबोला होता.

शेवटची दोन पानं नोंदीची: वही कधी आली, कधी गेली, सही. त्यातच पत्ते लिहा, आणि पिन जिल्ह्यावरून ताडू नका. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिन ४२४ नं सुरू होतो. शिरपूर धुळे जिल्ह्यात, तिथं ४२५. पाकिटावरचे आकडे इंग्रजीतच काढा, सुरतेचा तर सगळा पत्ताच. मु. पो., तालुका, जिल्हा, मोबाइल नंबर, सगळं. तोच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून पुठ्ठ्याच्या आत चिकटवा. वरचं वेष्टण फाटलं तरी वहीला आपलं घर ठाऊक हवं.

बांधताना आधी जाड प्लास्टिकची पिशवी, मग चारही कोपऱ्यांना पुठ्ठा, मग खाकी कागद. पहिलं पान कुणी भरायचं, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. माझं मत, वही सुरू करणाऱ्यानं ते मुद्दाम साधं ठेवावं, जमल्यास थोडं बिघडवावं. पहिल्याच पानावर कुणी अप्रतिम मोर काढला की पुढचे पाच जण आठवडाभर पेन हातात धरून बसतात.

आणि प्रत्येकानं पोस्टात जाण्याआधी आपल्या पानांचे फोटो काढायचे. वही गेलीच असं धरून काढायचे. काउंटरवर स्पीड पोस्ट सांगा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट त्यातच मिसळलं, पण रजिस्ट्रेशनची सोय वेगळे पैसे भरून घेता येते आणि मग वही ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हाती देतात. सासूबाईंनी घेऊन रद्दीत ठेवली, असं आमच्याकडे झालेलं आहे. पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा नंबर तिथंच उभं राहून पुढच्याला पाठवा. पावती पर्समध्ये जपून ठेवू म्हणाल, तर त्या कागदावरची छपाई उन्हाळ्यापर्यंत उडून जाते.