बँकेचा नफा कुठं मुरतो, ते अहवालात कसं शोधायचं

बँकेचा वार्षिक अहवाल उघडलात की अध्यक्षांचं भाषण सोडा. थेट नफा-तोटा पत्रकावर या आणि दोन आकडे कागदावर उतरवा: तरतुदींआधीचा नफा आणि निव्वळ नफा. तरतूद म्हणजे संभाव्य नुकसान, कर यांसाठी नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम. मधल्या फरकातून कर बाजूला काढा. उरतं ते बहुतेक वेळा थकलेल्या कर्जांपायी गेलेलं असतं.

नमुन्याला स्टेट बँकेचं 2017-18 घ्या. तरतुदींआधी 59,511 कोटी नफा, शेवटी 6,547 कोटी तोटा! धंदा चालू होता, व्याज येत होतं, तरी ही गत.

का, ते एका खात्यावर मांडून बघा. मी इंदूरला कर्ज विभागात नोकरी केली, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे सियागंजचा व्यापारीच येतो. समजा, त्याला 1 कोटी दिले, 10 टक्क्यांनी. ठेवीदारांना आपण 6 टक्के देतो. म्हणजे वर्षाला सुटतात 4 लाख, त्यातूनच पगार आणि भाडं. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग व्याज प्रत्यक्ष हातात पडेल तेव्हाच उत्पन्नात धरायचं. आधी धरलेलं पण न आलेलं व्याज उलटवायचं. ठेवीदाराचे 6 लाख मात्र द्यावेच लागतात. वर तारण असलं तरी 15 टक्के तरतूद, म्हणजे 15 लाख. झाले 21 लाख. एवढे भरून काढायला तसलीच पाच-सहा चोख खाती वर्षभर राबतात. वर्षभरानंतर खातं 'संशयित' झालं की तारणाच्या भागावर 25 टक्के, तारणाबाहेरच्या रकमेवर पूर्ण 100 टक्के.

आता परिशिष्ट 18 मधल्या टिपा वाचा. रामबागेत सकाळी फिरणारी आमची मंडळी 'ग्रॉस एनपीए (थकीत कर्जांची एकूण रक्कम) घटला' एवढ्यावरच खूश होतात. अहो, कर्ज राइट-ऑफ केलं, म्हणजे हिशेबातून काढून टाकलं, तरी तो घटतो! म्हणून वर्षात नवी किती खाती बिघडली, वसुली किती झाली आणि राइट-ऑफ किती, हे तिन्ही आकडे शेजारी मांडा. वसुली थोडी आणि राइट-ऑफ मोठा असेल, तर शेअर घ्यायची घाई नको.

तरतूद अचानक कमी झाली आणि नफा उसळला, तर प्रोव्हिजन कव्हरेजही तपासा, म्हणजे थकीत कर्जाच्या किती टक्के रकमेची तरतूद झालीय ते. तेही खाली आलं असेल, तर खर्च फक्त पुढं ढकललाय.

आणि एकट्या मार्च तिमाहीवर जाऊ नका. वर्षअखेरीला वसुलीसाठी सगळी शाखा पळत असते, आम्हीही पळालोय. डिसेंबर आणि जूनचे आकडे सोबत ठेवूनच बघा.